मामानं लावलेलं एपॉक्सी

रचना,

तुझी आई गेली त्या दिवशी दवाखान्यातून फोन युवराजमामाला आला, मला नाही. नंबर तिनंच त्याचा दिला होता. आता शेतातल्या पॉवर टिलरची ऑइलची टाकी गळू लागली, तर तूही उद्यमबागेतल्या वर्कशॉपमधून त्यालाच बोलावलंस. "दाजी, तुमी निवांत बसा, तुमास्नी न्हाय जमायचं," म्हणत त्यानं भेगांवर एपॉक्सीचं लुकण लावलं. गळती थांबली. तेच मला बघवेना. आज तू कामावर गेल्यावर मी ते सगळं खरवडून काढलं, टाकी पेट्रोलनं धुतली आणि माझ्या हातानं लावायला घेतलं. निम्म्यातच एपॉक्सी संपलं. आणायला पिरनवाडीला जातोय. मामा आला तर चहा दे, पण टिलरकडे जाऊ देऊ नकोस. टाकीच्या तळाची भेग अजून बुजवायची राहिलीय.

आप्पा