बापाला पहिल्याच प्रकरणात मारा

२ मार्च

संपादिकाबाईंचा फोन. बाप मारा म्हणाल्या. तोही पहिल्याच प्रकरणात. आई मी आधीच मारलीय — तापाने, दोन ओळींत. बापापाशी मात्र घोडं अडलंय. "आईबाप जिवंत असले तर नायिका जंगलात जाईलच कशाला? वेळेवर जेवून झोपेल," असं बाईंचं म्हणणं. खरं आहे. जुन्या मालिकेत मी बाप, काका, आजोबा सगळे एका बैठकीत मारले. या नव्या मालिकेत जमेना. हा बाप पाणचक्की चालवतो. गुडघे दुखतात त्याचे. मला आवडतो तो.

३ मार्च

लेकीचं नवीनच खूळ. जहाजावर जायचंय! मालवाहू जहाजावर अधिकारी होण्याचं प्रशिक्षण. परीक्षा गुपचूप दिली, पासही झाली. पुढच्या महिन्यात मुलाखत, आणि ती अजून सतराची म्हणून आईबापांनी समक्ष येऊन 'आमची हरकत नाही' असं सांगायचं.

मी म्हटलं, "समुद्रात?"

"हो बाबा. जहाजं तिथेच असतात."

बायको हसली. मी ताट अर्धं टाकून उठलो. नाही म्हणजे नाही.

४ मार्च

चष्मा दुरुस्त करायला गेलो होतो. शेजारच्या पुस्तकांच्या दुकानात माझी नायिका दर्शनी काचेत, जुन्या मालिकेच्या मुखपृष्ठावर, हातात तलवार, अंगावर चिलखत — ते नेमकं पोटापाशी उघडं. शत्रूने तिथेच वार करू नये एवढीच अपेक्षा.

मागच्या पानावर लेखिका म्हणून वाऱ्यावर केस सोडलेल्या तरुणीचा फोटो. ती संपादिकाबाईंची भाची. दुकानांच्या पाट्यांपलीकडे तिने काही वाचलं नसावं. खरा लेखक बावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, पूर्वी मिक्सर आणि पाण्याच्या पंपांच्या माहितीपुस्तिका लिहायचा. माझं पहिलं चुंबन बाईंनी परत पाठवलं होतं. 'झाकण घट्ट बसल्याची खात्री करावी' असा सूर येतोय म्हणाल्या. आता जमतं.

७ मार्च

छापण्याआधी प्रकरणं शाळेतल्या काही मुलींना वाचायला देतात. प्रत्येकीला रंगीत टिकल्या. काळजाचा ठोका चुकला की लाल. नायिकेने पराक्रम केला की पिवळी. जांभई आली की राखाडी. राखाडी जास्त झाल्या की ते पान गेलं. साहित्याचा निकाल असा लागतो हल्ली.

आमची लेक त्या मुलींपैकी एक. मला पत्ता लागेपर्यंत तिची निवड झालेली. ती माझी लेक आहे हे बाईंना ठाऊक नाही, ही पुस्तकं मी लिहितो हे लेकीला ठाऊक नाही. करारात तशी अटच आहे. घरात फक्त बायकोला माहीत, आणि ती अळीमिळी गुपचिळी. लेक समजते की मी इस्त्रीच्या खोलीत बसून पंपांबद्दल लिहितो.

१० मार्च

कल्पना सुचली! बाप मारायचाच नाही. उलट त्याला बोलू द्यायचं. नायिका डोंगरापलीकडे निघाली आहे आणि तो दारात उभा राहून तिला समजावतो. वादळं, एकटेपणा, अनोळखी माणसं. इतकं पटेल असं लिहायचं की वाचणारी प्रत्येक मुलगी क्षणभर थांबेल. एक मुलगी तर नक्कीच थांबेल. समोरासमोर बोललं की ती कानात इअरफोन खुपसते, पण टिकल्या लावायच्या पानांतला शब्द न् शब्द वाचते.

दिवसभर लिहीत होतो. लिहिताना डोळे भरून आले. जे बोलायला जमलं नाही ते सगळं लिहिलं.

बायकोने वाचलं. ती दातांच्या कवळ्या बनवते. कुठलीही गोष्ट हातात घेतली की आधी ती कुठे टोचेल ते बघते. म्हणाली, "तू तिला नाही म्हणतोयस ना, मग सरळ नाही म्हण. पाणचक्कीवाल्याला कशाला मध्ये घालतोस?"

१५ मार्च

पानं घरी आली. लेक टेबलाशी वाचत बसली, मी समोर वर्तमानपत्र घेऊन. दारातला प्रसंग आला. राखाडी. पान उलटलं. राखाडी. मग एक मोठी जांभई — खरीखुरी — आणि पुन्हा राखाडी.

"काय वाचतेस?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"एक बाप आहे. तो दारातून हलतच नाहीये."

१७ मार्च

बाई म्हणाल्या, बापाच्या पानांना सगळ्या मुलींनी राखाडी दिलीय. शिवाय नेहमीचे दोन्ही राजपुत्र लवकर आणा. रुसका आणि हसरा. रुसका कुणाशी बोलत नाही, म्हणून मुलींना तो खोल वाटतो. खरं तर त्याला बोलायला काही नाही, हे मला सोडून कुणालाच ठाऊक नाही. हसरा बिचारा मदत करतो, घोड्याला पाणी पाजतो, स्वयंपाक करतो. त्याला मुलगी कधीच मिळणार नाही. नायिका एकटी सैन्य कापून काढते, पण या दोघांतला कोण हवा ते ठरवायला तिला पाच भाग लागतात.

२१ मार्च

घरात शीतयुद्ध. मी लेकीला म्हटलं, पाच वर्षांनी जा. म्हणाली, "पाच वर्षांनी तू आणखी पाच वर्षं म्हणशील." मी म्हटलं, मी तुझ्या भल्यासाठीच सांगतोय. ती उठली, ताट धुतलं, खोलीत गेली. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

भीती वाटते मला. दुसरं काही नाही. एवढ्याशा पोरीला मी रस्ता ओलांडताना हाताला धरून नेलंय, आणि आता ती समुद्र ओलांडणार म्हणते.

२४ मार्च

म्हटलं, निदान कागदावर तरी माझं ऐकू दे. बाप समजावतो आणि नायिका थांबते, असं लिहायला घेतलं. थांबली. पीठ दळलं. झाडलोट केली. खिडकीशी जाऊन बसली. पुढे काय लिहावं सुचेना. संवाद घालावा म्हणून बापाला तिच्याशी बोलायला लावलं, तर ती नुसती 'हं' म्हणते. इतकी वर्षं मी या पोरींच्या तोंडी वाक्यं घालतोय. ही बोलेचना.

जेवताना लेकीला विचारलं, भाजी देऊ का. "हं," म्हणाली.

२५ मार्च

सकाळी ती दोन पानं फाडली.

मारला एकदाचा. पूर आणला. मरताना तो मुलीला एकच शब्द म्हणतो — "जा." भाषण नाही. मी इस्त्रीच्या टेबलावर डोकं ठेवून रडलो, बायको येऊन पाठीवर हात ठेवून गेली. पुढच्याच पानावर रुसका राजपुत्र हजर. ओला, शर्ट फाटलेला. त्याचा शर्ट प्रत्येक संकटात फाटतो. शिंपी कोण आहे देव जाणे. बाईंचा दुपारीच निरोप: "अप्रतिम! बाप गेल्यावर कसा वेग आला बघा."

२ एप्रिल

मुलाखत. टेबलापलीकडे आखूड केसांच्या कॅप्टनबाई. त्यांनी लेकीला विचारलं, एवढी हिंमत कुठून आली? पुस्तकांतून? मी खुर्चीत सरसावून बसलो.

"नाही हो. मी वाचते त्या पुस्तकांतल्या मुली तलवार चालवतात आणि मग कुणीतरी उचलून न्यावं म्हणून बेशुद्ध पडतात."

माझं तोंड एवढंसं झालं. खरं आहे ते. जुन्या मालिकेच्या तिसऱ्या भागात नायिका चारदा पडलीय.

मग कॅप्टनबाई माझ्याकडे वळल्या. "तुमची काही हरकत?"

हरकती पुष्कळ होत्या, सुवाच्य अक्षरांत छापलेल्यासुद्धा. "नाही," म्हटलं. लेकीने झटकन माझ्याकडे पाहिलं. घरी येताना बायकोने वाटेत माझी कॉलर सरळ केली.

९ एप्रिल

लेकीची निवड झाली. सोमवारी निघते.

११ एप्रिल

कपाटावरची बॅग काढून दिली. ती कपडे भरता भरता, वर न बघता म्हणाली, "बाबा, पाणचक्कीवाल्याला कशाला मारलंस?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. कधीपासून, तेही विचारायचं सुचलं नाही. कसंबसं म्हटलं, "तूच राखाडी लावल्यास ना त्याला?"

"भाषणाला लावल्या. त्याला नाही." मग बॅगेची चेन ओढून म्हणाली, "जिवंत कर त्याला. ती परत येईल तेव्हा घरी कुणी नको?"

संपादिकाबाईंना अजून कळवलं नाही. पूर तेवढा काढून टाकलाय.