दारावरची छाप

बाबा, तुमचा नातू जर्मनीत ज्या खेड्यात राहतो, त्या खेड्याची स्वतःची छाप आहे. तिकडे गावोगावी असते म्हणे. काल त्याने फोटो पाठवला. ढालीवर अर्धं चाक, खाली निळी नागमोडी पट्टी, वर ओकच्या झाडाची दोन पानं. मी फोन करून अर्थ विचारला. चाक जुन्या पाणचक्कीचं. चक्की केव्हाच गेली, ओढा तेवढा उरला. अर्धंच का, तर बाकीचं पाण्यात. पानं दोन, कारण दोन वस्त्या मिळून गाव झालं. एवढं सांगून झाल्यावर हळूच म्हणाला, "आई, मी इथंच घर घ्यायचं करून राहिलो. आता तिकडे येणं नाई होत." मी म्हटलं, घे रे, चांगलंच आहे. मग कितीतरी वेळ कुकर लावायचं सुचलं नाही.

तेव्हापासून मूर्तिजापूरचं कापसाचं जिनिंग डोळ्यांपुढे आहे. शाळा सुटली की मी तुमचा रिकामा डबा न्यायला येते. तुम्ही पत्र्याची छाप रुईच्या गाठीवर धरता, काळ्या रंगाचा ब्रश फिरवता, आणि माल कुठला ते मुंबईपर्यंत कळतं. कोपऱ्यात एक गाठ कोरीच पडलेली. तिच्यावर काहून नाही, मी विचारते. मान वर न करता तुम्ही म्हणता, "जी गावातच राहते, तिले कायची छाप, पोरी?"

आपल्या घराचीही तुम्ही एक छाप कापली होती. अर्धं उमललेलं बोंड आणि खाली शकुंतला गाडीचे दोन रूळ. घर सोडणाऱ्याच्या पेटीवर ती मारायची, हा आपला रिवाज. दादाच्या पेटीवर मारलीत, लग्नात माझ्या. नातवाच्या सुटकेसवर मी मारली, तर विमानतळावर लोक हसतील म्हणाला. हसले असतील. बॅग काही हरवली नाही.

आता अकोल्याच्या या घरातून जाणारं कोणी उरलं नाही. मी एकटी आहे, बाबा, आणि संध्याकाळी घर खायला उठतं. पोरगा म्हणतो, तूच इकडे ये. तिथं मी बोलू कोणाशी? पण त्या गावाची एक गोष्ट मला पटली. त्यांनी छाप जाणाऱ्याच्या सामानावर नाही मारली, वेशीवर लावली आहे. येणाऱ्याला दिसावी म्हणून.

तुम्ही गेलात तिथला पत्ता नाही; हा कागद कुठे टाकणार, गादीखालीच राहील. एक सांगते, रागावू नका. आज तुमचा पत्रा काढला आणि छाप आपल्या दारावर मारली. ही गाठ कुठेच जायची नाही, ठाऊक आहे मला. पण तो कधी आलाच, तर घर चुकायला नको.