घोयऱ्याचे वजन उतरू नये म्हणून

मी, गंगाराम पोशा कोळी, राहणार दिवाळे गाव, बेलापूर, वय सत्तरच्या आसपास, धंदा पूर्वी मासेमारी, आता काही नाही, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. मी दारू प्यालेलो नाही. कोणी माझा हात धरून लिहवून घेत नाही. उलट माझा मुलगा नामा सुकी मासळी घेऊन सरकारी क्वार्टरांकडे विकायला गेला आहे, म्हणूनच मी आजचा रविवार धरला. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. अक्षर हलते आहे ते शाळा कमी झाल्यामुळे नाही, बोटे हलतात म्हणून. बोटांबद्दल पुढे येईल. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही, आणि पुन्हा करायला मिळेल असे वाटत नाही.

कलम १. माझी मुलगी पुतळी नावड्याला दिली आहे. तिच्या आईची नथ आणि चांदीचा करदोटा तिला द्यावा. होडी किनाऱ्यावर उलटी पडली आहे, ती जावयाला द्यावी. नावड्याला तिचा उपयोग नाही, पण लाकूड चांगले आहे. जावयाने माझी गॅसबत्ती एका गणपतीत नेली, ती अजून आणलेली नाही. ती त्याच्याकडेच राहू द्यावी. मागू नये. मात्र मी विसरलो नव्हतो, एवढे त्याला सांगावे.

कलम २. जाळी, शिशाच्या गोळ्या आणि करवंट्यांचा तराजू यांना नामाने हात लावू नये. ती सामग्री घोयऱ्याची आहे.

घोयरा म्हणजे सरडाच, पण कुंपणावर धावतो तो नव्हे. हा हळू चालतो, रंग बदलतो, आणि त्याचा एक डोळा पुढे बघत असतो तेव्हा दुसरा मागे. रस्त्यासाठी डोंगर फोडला तेव्हा करवंदीच्या जाळीतून हा खाली पडला होता. माझी बायको गिरजाबाई हिने त्याला मासळीच्या टोपलीत घालून घरी आणले. शेजारणी म्हणाल्या, "गिरजे, घोयरा घरात आला का घरातला मानूस वालत जातो. टाकून ये." ती म्हणाली, "माजा नवरा किती वर्सं घरात हाय, तो कुटं वालला?" आणि त्याला मागच्या पडवीत भेंडीच्या झाडाच्या फांदीवर बसवले. भोवती जाळे मी विणले.

दोन वर्षांनी गिरजा खरोखरच वाळत गेली. आधी चोळी सैल झाली, मग हाताला कंप सुटला, मग अंथरूण धरले. मागच्या दिवाळीनंतर ती गेली. नामा तेव्हापासून म्हणतो, "आयला त्यानंच खाल्ली." मी डोळे मिटले की तो वल्हे घेऊन पडवीत जाईल, याची मला खात्री आहे. त्यासाठी पुढची कलमे नीट वाचावीत, वगळू नयेत.

कलम ३. घोयऱ्याचे खाणे. नाकतोडा, झुरळ, माशी, सगळे जिवंत द्यावे. मेलेले तो बघत नाही. त्याच्या डोक्याहून मोठा किडा देऊ नये, घशात अडकतो. उन्हाळ्यात रोज थोडे, पावसात दिवसाआड. पाणी वाटीत ठेवू नये, वाटीसमोर तो तहानेने मरेल पण तोंड घालणार नाही. पानांवर शिंपडावे, तो थेंब चाटतो. सकाळचे ऊन लागू द्यावे. शेपटीचे मूळ गोल दिसले पाहिजे आणि बरगडी दिसता कामा नये.

दर रविवारी तोलावा. एका करवंटीत तो, दुसरीत जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या. पाच गोळ्या म्हणजे ठीक. सहा झाल्या तर खाणे आवरावे, जाड घोयरा फांदीवरून घसरतो. पुतळी माहेरी आली की लाडाने त्याला इतके चारते की तो आठवडाभर झोपाळलेला असतो. चार गोळ्या झाल्या तर घाबरावे.

कलम ४. मी घाबरलो आहे ते का, ते लिहितो.

आमच्या वाळवणाच्या खळ्यात गिरजा मासळीला मिठाचे पाणी द्यायची आणि बांबूवर उंच टांगायची. माश्या यायच्या, अळीही पडायची. तेवढा माल वेगळा काढून आम्ही फेकत असू. नामा हाताशी आल्यावर त्याला ते परवडेना. त्याने मासळीवर ढेकणाची पावडर मारायला घेतली. क्वार्टरातली बाई एक अळी बघते आणि आख्खी टोपली आपल्या डोक्यावर परत ठेवते, असे तो म्हणतो, आणि तेही खरे आहे. त्याला मी वाईट म्हणत नाही. पावडर गिरजाच हाताने चोळायची, लहान पोरीच्या अंगाला लावावी तशी. राहिलेला माल आम्ही घरात खायचो.

गिरजा आजारी होती तेव्हा घोयरा पाच गोळ्यांना पुरा होता. अंथरूण धरेपर्यंत ती त्याच्यासाठी डोंगरावरचे नाकतोडे धरून आणायची, पुढे पुतळी आणू लागली. मासळी आम्ही खायचो, नाकतोडे तो खायचा. ती वाळली, तो भरला. गावाने याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला.

ती गेल्यावर पुतळी सासरी परतली. मला डोंगर चढवेना. खळ्यात मासळीच्या खाली माश्या गुंगल्यासारख्या पडलेल्या असत, पंख हलत पण उडत नसत. मला बरे वाटले, धरायला सोप्या. त्याच मी त्याला घातल्या. थोड्याच दिवसांत त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. जीभ माशीच्या अलीकडेच पडू लागली. भर उन्हात तो काळा पडून बसायचा. मग पुतळीने नावड्याहून मिठाईच्या खोक्यात झुरळे आणली. एस.टी.त खोके उघडले आणि कंडक्टरने तिला अर्ध्या वाटेत उतरवले, तरी उरलेली घेऊन ती चालत आली. ती झुरळे खाऊन घोयरा पुन्हा सावरला. झुरळे संपली. माझी सून कमळी मायाळू आहे, तिने मला न विचारता खळ्यातल्या माश्या गोळा करून त्याला घातल्या. तो पुन्हा उतरला.

मी नामाला म्हणालो, "पावडरीनं तो वालतोय."

"बाबा, पावडर माशीला हाय. मानूस काय माशी हाय?"

"घोयरापन माशी नाय. मग तो का वालला?"

"वालू दे! आयला खाल्ली तवा बरा जाड होता."

"आय ती मासली खायची, नामा."

"तुमीपन खाता. मीपन खातो. आपुन हाव ना?"

त्या वेळी मी हलणारे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो. त्याला ते दिसू नये असे मला वाटत होते. आता वाटते, दाखवायला हवे होते.

कलम ५. कमळीला सहावा महिना आहे. परवा तिने सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिला. सत्तरीच्या म्हाताऱ्याकडे. मला ओवता येईना, मी तिला परत दिला, तिने पुन्हा मला दिला. असे आम्ही बराच वेळ करत बसलो. ती हसत होती. म्हणाली, "बाबा, आपली दोगांची बोटं भांडलीत जनू." मी तिच्या बोटांकडे बघत होतो. चोळीही मी बघितली. पोट पुढे आले आहे आणि खांदे आत गेले आहेत. गिरजाचे खांदे असेच आधी गेले.

ती मासळी खाऊ नको असे तिला सांगितले तर म्हणते, घरात दुसरे कालवण काय करू, आणि हे म्हणतील की तुम्ही मला बिघडवले.

कलम ६. घर, खळे आणि विहिरीचा हिस्सा नामाला मिळावा, तो एकुलता मुलगा आहे. अट एवढीच. मी गेल्यावर एक वर्ष घोयरा जिवंत आणि पाच गोळ्यांचा राहिला पाहिजे, आणि त्याने फक्त नामाच्याच मासळीवर बसलेल्या माश्या खाल्ल्या पाहिजेत. दर रविवारी शेजारी तुळशीराम याच्यासमोर तोलावा. वर्षाच्या आत उतरला किंवा मेला तर घर आणि खळे कमळीच्या नावे करावे आणि खळ्याला कुलूप लावावे. मारला तरी तेच.

मुक्या जिवाला मी या कामाला जुंपतो आहे याचे मला वाईट वाटते. गिरजा असती तर रागावली असती. पण माझे कोणी ऐकत नाही, आणि घोयऱ्याला बोलता येत नाही म्हणून त्याच्या बोलण्यावर कोणाला हसता येणार नाही.

नामा लबाडी करील हेही मला ठाऊक आहे. पाच गोळ्या भरण्यासाठी तो डोंगरावर जाऊन चोरून नाकतोडे आणील. तुळशीरामने त्याला अडवू नये. फक्त त्याला विचारावे, घरच्या माश्या सोडून तू डोंगर का चढलास? तो जे उत्तर देईल ते त्याने आपल्या बायकोला घरी जाऊन सांगावे. मग घर त्याचेच.

कलम ७. मला जाळल्यावर तेराव्याला मासळी करू नये. मला न आवडणारी माणसे आली तरी करू नये.

हे सगळे मी माझ्या हाताने लिहिले आणि साक्षीदारांना वाचून दाखवले. आज रविवार, म्हणून घोयरा त्यांच्यासमोर तोलला. दुसऱ्या करवंटीत तीनच गोळ्या घातल्या आणि त्याची करवंटी वर गेली. तुळशीराम म्हणाला, "गंगाराम, परत तोल." परत तोलला. दुसरा साक्षीदार भगवान याने गोळ्या आपल्या हाताने मोजल्या. घोयऱ्याने एक डोळा त्यांच्याकडे आणि एक माझ्याकडे ठेवला होता.

आता चुलीकडून फोडणीचा वास येतो आहे. कमळीने आत्ताच हाक मारली, "बाबा, जवला टाकलाय. पावन्यांना जेवल्याबिगर सोडू नका." जवला आमच्याच खळ्यातला आहे. मी जेवणार नाही. साक्षीदारांनी आपले आपण ठरवावे. कमळी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागून जेवेल, तिला मी काय सांगावे हे मला अजून सुचलेले नाही.

ठिकाण: दिवाळे गाव, बेलापूर, नवी मुंबई, जिल्हा ठाणे
तारीख: ९ मार्च १९८६

लिहून ठेवणार: गंगाराम पोशा कोळी (सही हलली आहे, माझीच आहे)

साक्षीदार १: तुळशीराम, शेजारी. सही केली. पोट बिघडल्याचे सांगून जेवलो नाही.

साक्षीदार २: भगवान, होड्या दुरुस्त करणारा. अंगठा. त्याच्या सांगण्यावरून तुळशीरामने लिहिले: पोरीने ताट वाढून समोर ठेवले, म्हणून जेवलो. पाणी देताना तिच्या हातातला तांब्या वाजत होता.