पहिला फर्मा

ता. ९, सोमवार

लाडक्या चिमण्या,

अस्सलामु अलैकुम. आता तुला सगळे मौलाना म्हणतात, पण तुझं नाक पुसलेल्या बाईला एवढी सूट असू दे. इकडे सगळं खुशाल. माझा गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमीच बोलतो. तुझी लेक सुट्टीत छान रमली आहे. माझ्याबरोबर छापखान्यात येते, छापलेल्या कागदांच्या घड्या घालते आणि प्रश्न विचारून मालकांचं डोकं खाते.

तुझं पुस्तक छापून झालं. पैगंबरसाहेबांच्या बोलण्या-वागण्याच्या चाळीस हदीसा, अक्षर मोठं, कागदही बरा आहे. बांधणीचं काम मी मालकांकडून मुद्दाम मागून घेतलं. सतराव्या हदीसेपाशी मला हसू आवरेना. पैगंबरसाहेब घरी असले की घरच्यांच्या कामाला हातभार लावत, असं त्यांच्या पत्नी हजरत आयशांनी सांगितलेलं. तीच सांगून मी तुझ्याकडून किती भांडी पुसून घेतली! तू तोंड वाकडं केलंस की म्हणायचे, "सुन्नत आहे, पैगंबरसाहेबांची रीत आहे, पूस." तुझी बायको सांगते, अजून पुसतोस म्हणून. ऐकून बरं वाटलं.

घड्या घालून शिवायच्या मोठ्या छापील कागदांचे पाचांपैकी चार फर्मे दुमडून झाले. पहिला तसाच पडून आहे. शाई ओली आहे, असं मालकांना सांगितलं. शाई कधीच वाळली.

त्या फर्म्यात तुझी सनद आहे. कोणी कोणाकडून ऐकलं त्याची साखळी: तू अब्बांकडून, अब्बांनी त्यांच्या उस्तादांकडून. घडी घालता घालता तुझी लेक थांबली. म्हणाली, "फुफी, दादाजान वारले तेव्हा अब्बू तीन वर्षांचे होते ना? मग एवढ्या हदीसा त्यांनी ऐकल्या कधी?"

मी तिला पाणी आणायला पिटाळलं.

ऐकल्यास तू माझ्याकडून. अब्बांनी मला शिकवल्या आणि ते गेल्यावर मी तुला, नऊ वर्षं, कणीक मळताना, कपडे वाळत घालताना. तुझ्या सनदेत मी नाही हे बघून मला फार वाईट वाटलं. दोन दिवस घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी तुला चांगलं झणझणीत पत्र लिहिलं. ज्या आयशांकडे मोठमोठी माणसं विचारायला येत, त्यांचं नाव घेताना तुझी जीभ अडत नाही, मग बहिणीपाशीच का अडली, असं बरंच काही.

ते पत्र फाडलं. कारण लिहिता लिहिता मदरशाचं दार आठवलं. तू बारा वर्षांचा, माझी ओढणी घट्ट धरून उभा. आणि तुझ्या कानात मीच सांगितलं होतं, "कोणाकडून शिकलास विचारलं तर अब्बांचं नाव सांग." बाईचं नाव ऐकून तुला परत धाडतील, अशी मला धास्ती. तसं कोणी म्हटलंही नव्हतं. मीच मनानं ठरवून टाकलं होतं.

तू विचारलंस, "पण ते खरं नाही ना, आपा?"

मी म्हटलं, "मोठ्यांचं ऐकावं." तू ऐकलंस, आणि बिचारा आजवर ऐकतो आहेस. दोष तुझा नाही, बाळा.

पण साखळीतली एक कडी खोटी निघाली की लोक पुढचं सगळं संशयानं बघतात, हे तूच तुझ्या मदरशातल्या पोरांना शिकवतोस. हदीसा खऱ्या आहेत. माझ्या भित्रेपणापायी त्यांच्यावर कोणी बोट ठेवायला नको. तुझ्या लेकीच्या तीस पाठ झाल्या आहेत. उद्या तिला कोणी साखळी विचारली, तर तिने कोणाचं नाव सांगायचं?

गुरुवारपर्यंत फर्मा धरून ठेवते. खरी सनद लिहून एक ओळ पाठव, पान नव्यानं छापून घेईन. नाही पाठवलीस तर आहे तसं शिवीन, टाके नीट घालीन, आणि तुझ्यावरची माया तसूभरही कमी होणार नाही. फक्त तुझ्या लेकीला खरं काय ते सांगेन. पुन्हा एका लेकराच्या कानात ते खोटं सांगणं माझ्याच्यानं होणार नाही.

तुला चाळीस खऱ्या गोष्टी आणि एक खोटी शिकवणारी,
तुझी आपा