लेस्टर खाली येईपर्यंत

२६ जानेवारी २०१६, वेंटवर्थव्हिल

नाही जाणार!

बेन्सन सुट्टीला वेरिबीहून विमानाने आलाय. “मम्मी, हे घर विकू. माझ्या बॅकयार्डात तुझ्यासाठी ग्रॅनी फ्लॅट बांधतो. एकटी काय करणार इथे?” — एकटी! माझा नवरा ऑगस्टिन गेल्याला सहा महिने झाले, तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी हाच शब्द.

टीव्हीवर इंग्लंडच्या फुटबॉल लीगचा तक्ता लागला होता. लेस्टर पहिलं. मागच्या वर्षी तळातून कसंबसं वाचलेलं लेस्टर! मी म्हटलं, “हे पहिल्या नंबरावरून खाली आले की विक घर. तोवर विषय काढायचा नाही.”

पोरगा हसला. “डील! मार्चपर्यंत पॅकिंग करून ठेव.”

बघू.

११ फेब्रुवारी

काल राखेचा बुधवार. चर्चबाहेर नणंदेने गाठलं. सिंथियाबाय म्हणजे हळू बोलणं नाहीच. “वर्ष झालं नाही, अंगावर काळं, आणि घरात बॉल बघतेस? उपवासकाळात तरी चॅनल बंद कर गो!”

मटण सोडलंय. बॉल नाही सोडणार. माझी शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी वाचायला शिकले ती नवऱ्याच्या पेपरच्या मागच्या, खेळाच्या पानावर. त्या पानाचं पाप लागत असेल तर लागू दे.

१५ फेब्रुवारी

आर्सेनलने अगदी शेवटच्या क्षणी गोल मारला. लेस्टर हरलं! तरी पहिलंच — फक्त दोन पॉइंटांनी. आणि पाठीमागे कोण? टॉटनहॅम. देवा, तुला दुसरं कोणी मिळालं नाही?

ऑगस्टिनचा संघ. बोटीवर नोकरीला होता तेव्हा लंडनच्या बंदरात कुणीतरी त्याला पांढरी जर्सी दिली, तेव्हापासूनचा. एकसष्ट सालानंतर ते लीग जिंकलेच नाहीत. दर मे महिन्यात लीग संपली की जर्सी घडी करून कपाटात ठेवायचा. “पुढच्या वर्षी गो.”

ते जिंकले तर माझं घर जाणार. कुणासाठी मेणबत्ती लावू?

२७ मार्च

ईस्टर. लेस्टर पाच पॉइंटांनी पुढे. मटण केलं. पॅकिंगचं नाव नाही बेन्सनच्या तोंडी!

३ मे

आज टॉटनहॅम जिंकलं नाही तर लेस्टर चॅम्पियन. समोर चेल्सी. मॅच आपल्याकडे पहाटे पाचला. चहा केला. काळ्या ड्रेसवर ऑगस्टिनची पांढरी जर्सी चढवली. गुडघ्यापर्यंत आली.

हाफटाइमला टॉटनहॅम दोन–शून्य. मी उभी! “अजून एक मारा रे!” बेन्सन फोनवर होता, तिकडे तोही बघत होता. “मम्मी, राँग टीम! घर जाईल तुझं!”

“जाऊ दे!”

तोंडातून निघून गेलं.

मग चेल्सीने एक फेडला. मग दुसरा. दोन–दोन. लेस्टर चॅम्पियन. घर माझं.

जर्सी अंगातच ठेवून रडले. त्याची टीम इतकी जवळ आली, ऑगस्टिनला तेवढंही बघायला मिळालं नाही, म्हणून. मग जर्सी धुतली, वाळवली, त्याच्यासारखीच घडी केली.

७ मे

बेन्सनचा फोन. “यू विन, मम्मी. घराचा विषय बंद.”

म्हटलं, “बंद कशाला? आता मीच म्हणते, विकू या. पण वेरिबीला येणार नाही मी.” इथल्याच लायब्ररीच्या मागे दोन खोल्यांचं युनिट काल बघून आले. टीव्हीपुरती भिंत आहे.

सिंथियाबायला अजून सांगितलेलं नाही.