आईबाबाची नाव अन् भिंतीवरची नवरी

११ जानेवारी, रविवार
मोबाईलमंदी लिहून राह्यली. एक ओळ टाईप कराले मले दहा मिनिटं लागते. शाळा नववीतूनच सोडली, त्याच्यानं ऱ्हस्व-दीर्घ पुढचं मागं होईन. कोनी वाचलंच त हासजा नोको.
पुन्यावरून दादाचा फोन. २२ फेब्रुवारीले आईबाबाच्या लग्नाले पंचवीस वर्ष होते. म्हने, त्याईले बोटीत बसवू. आजूबाजूनं डोंगर, झाडी दिसली पाह्यजे अशी बोट. पैशाचं मी पाहातो, बोट तू निवड.
मीच काहून?
म्हने, दिवसभर मोबाईल कोनाच्या हातात असते?
बसली मंग बोटी पाहत.

१३ जाने.
बोटी पाहू पाहू डोळे दुखले. गोव्याची, कोकनातल्या खाडीची, कोयनेच्या धरनातली. गोव्याच्या बोटीचा व्हिडिओ आईले दाखवला. थ्या बोटीवर मान्सं नाचून राह्यले होते. आईनं पदर तोंडाले लावला.
"मायबाई! याच्यात मी कुठी बसू वं?"
बाबा तुरीच्या कुटारानं, भुशानं भरलेले आले. पाय धुता धुता पाह्यलं न् म्हनले, "पान्यातच बसाचं त आपलं शेततळं काय वाईट हाये? तुह्या आईले टोपल्यात बसवतो न् ढकलून देतो."
आई म्हने, "ढकला. मंग भाकरी कोन थापते थे पाहू."
आई आजवर बोटीत बसली नाही. एस.टी.तून पुलावर नदी आली का मान वाकडी करून पाहाते, तेवढंच तिचं पानी.

१५ जाने.
काल संक्रांत. शेजारची काकू वान घ्याले आली न् म्हने, "काय वं, गोव्याले चालली म्हन्ते तू? चड्डी-टोपी घेतली का नाही?" सगळ्या बाया खी खी. आईबी हासली. पन बाबानं वट्यावरून आयकलं.
जेवताना बाबा बोलले, "लग्नाचा वाढदिवस पोट्टे करतात. आमी नाही जात. लोक काय म्हनतीन?"
आई ताटात वरन घालत राह्यली. बाबाचं ताट भरून सांडाले लागलं तरी.
तिले जायाचं हाये. मले समजलं.

१६ जाने.
सापडली!!
ओंकारेश्वर. नर्मदेत डोंगर हाये, त्याच्या भवताल नावेतून चक्कर मारतात. दोन्हीकून कडे, मंदिरं, घाट, हिरवं पानी. बोट ते बोट, न् उतरलं का देव.
बाबाले सांगताना 'वाढदिवस' शब्दच काढला नाही. म्हनलं, बाबा, नावेतून परिक्रमा होते.
बाबानं तुरीच्या पोत्याचं तोंड शिवता शिवता दोन टाके जास्त घातले. मंग म्हने, "देवाचं असन त कोनाच्या बापाले भ्याचं."
आतून आईनं तांब्या पाडला.

१८ जाने., रवि
बोटवाल्याले फोन कराचा होता. नंबर लावला, रिंग गेली, त्यानं उचलला न् मी कट केला. तीन खेप. शाळेतबी असंच व्हाचं. उभं राहून वाच म्हनलं का तोंडाले कुलूप. तवाच त सोडली.
मंग मेसेज टाकला. त्यानं हिंदीत बोलून पाठवलं: लग्नाच्या वाढदिवसाची नाव सजवून देतो, फुलं, फुगे, न् मांगच्या बाजूनं मोठा बॅनर. "बिटिया, मम्मी-पापा की शादी का फोटो भेज दो." नाव फिरताना लोक घाटावरून बॅनर पाहातीन म्हने.
बॅनरची गोष्ट बाबाले नाही सांगतली. आईले सांगतली. ती म्हने "अस्सं?" न् उठून गेली. खुश व्हाले पाह्यजे होती.

१९ जाने.
आमच्या घरी लग्नाचा एकच फोटो. देवघराच्या बाजूले, खिळ्यावर. बाबा मांग उभे, आई समोर, बाशिंग, मुंडावळ्या, पदर पार नाकावर. दर दिवाळीले बाबा सोता पुसते. दुसऱ्याले हात नाही लावू देत.
मोबाईलनं फोटोचा फोटो काढला न् मोठा करून पाह्यला, साफ येते का नाही म्हनून.
नवरीच्या मनगटावर गोंदलेलं हाये. तुळस.
आईच्या हातावर काहीच नाही. लहानपनी गोंदनारीन आली त आई तुरीत लपली होती, मामा अजून सांगते.
मंग हे कोन?

२० जाने.
आई खळ्यात कुटार भरून राह्यली होती. दाखवलं. म्हनलं, आई, हात पाह्य.
आईनं इकडंतिकडं पाह्यलं. बाबा दूर, मशीनवाल्यापाशी.
"थे मी नाही वं. जऊळक्याची सुमन होय."
मी तिथंच कुटारावर बसली.
तिनं सांगतलं थे असं. सोळा जोड्यांचं लगन एकाच मांडवात लागलं होतं. सगळ्या नवऱ्याईले एकसारखे पिवळे लुगडे, देनगी देनाऱ्यायनं वाटलेले. फोटोवाल्यानं नवरदेव मांग न् नवऱ्या समोर उभ्या केल्या. गर्दीत आई न् सुमन मावशी एकमेकीच्या जागी उभ्या राह्यल्या. फोटो एकच, लांबलचक. नंतर बाबा सायकलनं मानोऱ्याले गेले न् आपल्यापुरता तुकडा कापून मोठा करून आनला. ऊन होतं म्हनून शर्टात गुंडाळून, सोता बनियनवर.
"तवा त्याईनं माहं तोंड कुठी धड पाह्यलं होतं? खिळा ठोकला न् म्हने, पाह्य, तू कशी दिसून राह्यली. मी काय म्हनू मंग?"
"पंचवीस वर्ष नाही सांगतलं?"
"पह्यल्या दिवशी नाही सांगतलं त मंग राहूनच गेलं."
सुमन मावशीच्या घरी आई हाये भिंतीवर! मावशीच्या नवऱ्यापुढं. दोघीईले ठाऊक हाये. दर साली पोहरादेवीच्या जत्रेत भेटतात न् हासतात. "नवरे नाही बदलले, फोटो बदलले."
मीबी हासली. मंग आई म्हने, "पन नावेवर थो नोको लावू, वैष्णवे. एक डाव बोटीत बसतो मी. तिथं तरी मीच राहू दे." न् लगेच, "बाबाले सांगजो नोको. त्याईनं शर्ट काढून आनला होता."

२३ जाने.
बोटवाला: "बिटिया, फोटो?"
उत्तर नाही दिलं.

२४ जाने.
"बिटिया?"
बॅनर नोको म्हनलं त दादा इचारन काहून. फोटो देला त आई दुसरीच्या फोटोखाली बसन. बाबाले सांगतलं त... नाही.

२५ जाने., रवि
आईनं सु. मावशीचा नंबर देला, कागदावर. म्हने तूच बोल, मले रडू येते.
न्हाणीत जाऊन दार लावलं न् फोन केला. यावेळी कट नाही केला. आवाज बकरीसारखा निंगाला.
"म... मी वैष्णवी. इंझोरीकून. आईची..."
"अवं तू त माह्या फोटोतल्या बाईची पोरगी!" न् जे हासली, मोबाईल कानापासून दूर धराव लागला.
थोड्या टाइमानं तिनं तिच्या भिंतीवरचा फोटो पाठवला. आई. पदर थोडासा सरकला हाये. हनुवटी दिसते न् एक डोळा. तो डोळा रागात हाये. एवढी बारीक होती माही आई.
दोन फोटो जोडाचं ॲप हाये मोबाईलमंदी. बाबा इकडून, आई तिकडून. अर्धा तास लागला. एकदम बरोबर बसले दोघं, कोनाले समजलं नसतं.
आईले दाखवलं. लय वेळ पाह्यलं. मंग मोबाईल उलटा ठेवला. "हे त पुन्हा कापलेलंच झालं."
पुसून टाकला.

२६ जाने.
झोपेतून उठता उठता सुचलं. मावशीलेबी त पंचवीसच वर्ष होते! त्याच दिवशी!
दादाले सांगतलं, दोघाची सजवलेली नाव नोको, चौघाची साधी पाह्यजे. फुलं राहू दे, बॅनर नोको. कायले म्हने. म्हनलं, एकाच मांडवातले हायेत, एकाच नावेत बसू दे. दादा म्हने, तू एवढी बोलाले कधी लागली बे?

३० जाने.
बाबाले सांगतलं, जऊळक्याची सुमन मावशी न् तिचा नवराबी येऊन राह्यले. मले वाटलं चिडतीन. थे त खाटेवर उठून बसले.
"थो? मांडवात माह्याच बाजूले उभा होता. माह्या पायावर पाय देला होता त्यानं, नवे जोडे घालून. हिसाब बाकी हाये!"
भात जास्त खाल्ला.

८ फेब्रु.
बोटवाल्याले फोन. खरा फोन, बोलून. हिंदी माही अशी: "भैया, चार जन बैठेंगे, एक मैं फोटो निकालेगी." त्याले समजलं. सकाळची नाव घेतली, ऊन कोवळं असते न् कडे साफ दिसते म्हने. मी इचारलं, उजेड तोंडावर येईन का? थो म्हने, नाव को घुमा देंगे बिटिया.
फोन ठेवला न् पाह्यलं, किती वेळ बोलली. चार मिनिटं. कट न करता.

१५ फेब्रु.
आईनं लुगडं काढलं. पिवळंच. मी म्हनलं, दुसरं घाल ना. म्हने, नाही, सुमनले हिरवं घालाले सांगतलं मी. यावेळी चूक नाही होऊ देत.

२० फेब्रु., शुक्रवार
उद्या निंगाचं. दादा गाडी घेऊन आला. चिवडा, दशम्या, तिळाची चटनी बांधून झाली. आईनं प्लास्टिकच्या पन्न्या घेतल्या चार, उलटी झाली त.
दुपारी बाबानं भिंतीवरचा फोटो काढला. दिवाळी नसताना. मी दारात होती. त्यायनं पुसला, उजेडात धरला, लय वेळ पाह्यला. आई चुलीपाशी, हात तसाच पिठात.
मंग फोटो कापडात गुंडाळला न् पेटीत, त्याईच्या जुन्या शर्टाच्या खाली ठेवला. भिंतीवर खिळा तसाच.
माह्याकडं आले न् हळूच म्हनले, "वैष्णवे, नावेत आमचा दोघाचा एक काढजो. खिळ्यावर लागन असा. न् तुह्या आईले म्हन, पदर नाकावर नोको घेऊ. तोंड दिसलं पाह्यजे यावेळी."
'यावेळी' म्हनले.
कवापासून ठाऊक हाये त्याईले? इचाराचं होतं. तोंड उघडलंबी होतं, पन थे बैलाले पानी दाखवाले गेले. आईले सांगू का नाही? का नावेतच...
थांब, बाहेर आरडाओरड होऊन राह्यली. सरपंचाची म्हैस विहिरीत पडली! सगळे दोर घेऊन पळून राह्यले. जाते मी.