खांद्याचा व्यायाम आणि पगारकपात

तीर्थरूप आत्यास,

खुर्चीत बसल्या बसल्या, पण मनापासून वाकून नमस्कार. तुझं पत्र मिळालं, त्याबद्दल आभारी आहोत, आपल्या अडचणीची नोंद घेण्यात आली आहे. (आत्या, हे वाक्य हातातून आपोआप उतरलं. कपाटांच्या कंपनीत लोकांच्या तक्रारींना उत्तरं देण्यात जन्म गेला, त्यामुळे सख्ख्या आत्यालाही मी आधी आभारी होतो आणि मग नोंद घेतो.) तुझे गुडघे कसे आहेत? जिन्यात मध्ये थांबतेस ना, की अजून शेजारणीला दाखवायला एका दमात वर जातेस? मोतीबिंदू काढल्यापासून तुला घरातली धूळ दिसायला लागली आणि त्याचा राग तू डॉक्टरांवर काढतेस, असं धाकट्या बहिणीकडून कळलं. आम्ही सगळे मजेत. ही मजेत, लेक मजेत (शाळा संपली तिची, उंचीत तिने आईला मागे टाकलं आणि बोलण्यात मला). माझा आखडलेला खांदा आता पूर्ण वर जातो. तो किती वर जातो आणि त्यापायी काय होऊन बसलं, ते सांगायलाच आज कागद घेतला आहे.

मंदी आली आहे हे तू पेपरात वाचलंच असशील. पेपरात ती एका वाकड्या रेघेवरून खाली उतरते. आमच्याकडे ती थेट गोदामात येऊन बसली. रंग देऊन तयार केलेली लोखंडी कपाटं एकमेकांना पाठ लावून उभी आणि न्यायला कोणी येईना. लोकांकडे ठेवायलाच काही उरलं नाही, तर कपाट घ्यायचं कशाला! आमच्या तक्रार विभागात तर अशी शांतता पसरली की टेबलावरच्या पंख्याचा आवाज मोठा वाटायला लागला. कपाटच विकलं गेलं नाही, तर त्याचं दार कुरकुरतं असं कळवणार कोण? ज्या माणसांच्या नावाने मी वर्षानुवर्षं बोटं मोडली (एक बाई तर हवा दमट झाली की खण फुगला म्हणून लिहायच्या, लोखंडाचा खण!), त्यांच्या आठवणीने मला भरून यायला लागलं. वाटायचं, बाई बऱ्या असतील ना?

अशात एक दिवस मालकांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. मी नेहमीसारखा मागच्या रांगेत, भिंतीला टेकून. मालकांची भाषणं मी ऐकत नाही, ती मला पाठ आहेत. त्यामुळे ते म्हणाले की एकतर काही माणसांना घरी पाठवावं लागेल, नाहीतर सगळ्यांनी थोडा थोडा पगार सोडावा, सर्वात जास्त ते स्वतः सोडतील, हे मी ऐकलंच नाही. "मी कोणावर लादणार नाही. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा," हेही नाही. मला जाणवली ती फक्त शांतता. सगळे आपापल्या चपला-बुटांकडे बघत होते. मला वाटलं, चला, आपल्याकडे कोणाचं लक्ष नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं की असाल तिथे दिवसातून चार-सहा वेळा हात सरळ वर न्यायचा, दंड कानाला लागला पाहिजे, आणि दुखलं तरी धरून ठेवायचा. मी नेला.

"एक हात!" मालक ओरडले. आवाज फाटला त्यांचा. "बघा, बघा, मागच्या रांगेत एक हात!"

सगळं कॅन्टीन वळून माझ्याकडे बघायला लागलं. आत्या, अशा वेळी 'नाही हो, माझा खांदा आहे' असं म्हणायला जी छाती लागते ती मला आपल्या घराण्यातून मिळालेली नाही. मी हात धरून ठेवला. मग रंगखात्याच्या फोरमनचा हात वर गेला, मग टंकलेखिकेचा, मग हिशेबनिसाचा (जो स्वतःच्या घरचं पाणीसुद्धा जपून पितो), आणि बघता बघता जिकडेतिकडे हातच हात. मालकांनी चष्मा काढून पुसला. बाहेर पडताना फोरमनने "माणूस आहेस लेका!" म्हणून माझ्या नेमक्या त्याच खांद्यावर असा सणसणीत हात मारला की आत कुठेतरी कट् झालं, आणि खरं सांगतो, तेव्हापासून दुखणं गेलं. डॉक्टरांना सांगितलं तर ते श्रेय स्वतःकडे घेतील म्हणून बोललो नाही.

घरी हिला पगाराचं सांगितलं, हाताचं नाही. हिने उठून लाटणं जागेवर ठेवलं (ते आधीच जागेवर होतं), आणि दुसऱ्या दिवसापासून घराचा कारभार असा हातात घेतला की मालकांनी शिकवणी लावावी. पहिली पाळी माझ्या केसांची. पगाराला कात्री लागली, आता तुम्हाला, असं म्हणून हिने मला न्हाणीघरात स्टुलावर बसवलं, गळ्यात जुनी चादर गुंडाळली आणि फोनवर कुठल्यातरी माणसाला डोकं भादरताना बघत बघत सुरुवात केली. मध्येच फोनवर जाहिरात लागली, ही ती बघत राहिली आणि कात्री चालतच राहिली. सोमवारी मी टोपी घालून ऑफिसात गेलो. बघतो तर फोरमनलाही टोपी, हिशेबनिसाच्या डोक्याला रुमाल, आणि मालक तर उघड्या डोक्याने, एका कानावर चांगली हातभर मोकळी जमीन घेऊन फिरतायत. मी टोपी काढली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. "आमच्याकडेही घरीच," एवढंच ते म्हणाले. इतक्या वर्षांत आमचं जे कधी जमलं नव्हतं ते तिथे जमलं. कोपऱ्यावरचा न्हावी मात्र दुकानाच्या दारात उभा राहून आमची डोकी बघतो आणि मान फिरवतो. धंदा बसला याच्यापेक्षा ही कलाकुसर त्याला जास्त लागली असावी.

एका रविवारी दुपारी दार वाजलं. आमच्या पॅकिंगखात्यातला दोरीवाला आणि त्याची बायको. (कपाटाला तो अशी गाठ मारतो की गिऱ्हाईक दोन दिवस ती सोडवतंय आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला लिहितंय.) नवी कपाटंच नाहीत म्हटल्यावर बांधायचं काय, घरी जाणाऱ्यांत त्याचं नाव पहिलं होतं. त्याच्या बायकोने आत येताच आमच्या हिचे दोन्ही हात धरले.

"वहिनी, तुमच्या ह्यांनी पहिला हात वर केला, म्हणून आमची चूल पेटती राहिली बघा."

हिने माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात पाहिलं. पेपर उलटा होता हे नंतर लेकीने सांगितलं. हिने त्यांना बसवलं, चहा केला, पोराबाळांचं विचारलं, दारापर्यंत पोचवायला गेली. मग आत येऊन एकेक कप विसळायला घेतला. पाठ माझ्याकडे.

"पहिला हात तुमचा?"

"अगं, मी खांद्याचा व्यायाम करत होतो."

"माळ्यावरचा डबा काढा म्हटलं की तो हात वर जात नाही." आणि मग हिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती! पगार कमी झाल्यापासून पहिल्यांदा, ओट्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "पुढच्या वेळी आधी घरी विचारा. मी हो म्हटलं असतं."

मी कप पुसायला गेलो आणि तिथेच थबकलो. कप छोटे होते. आमचे रोजचे मोठे कप दिसेनात. विचारलं तर म्हणाली, "हल्ली सगळीकडे छोटेच असतात. आणि फार चहा चांगला नाही."

आत्या, हे मी तुझ्या तोंडून ऐकलं होतं. कॉलेजसाठी तुझ्याकडे राहायला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी, आठवतंय? एका सकाळी चहाचे मोठे पेले गेले आणि इवलेसे कप आले. तू म्हणालीस, "मोठ्या घरांतून असेच कप असतात." काकांनी करंगळी बाहेर काढून कप उचलला, गंभीर चेहऱ्याने एक घोट घेतला आणि म्हणाले, "म्हणजे आपली सुधारणा झाली." आपण तिघं किती हसलो होतो! मी कॉलेजात सांगत सुटलो की आमच्या घरी फार आधुनिक वातावरण आहे. त्याच सुमारास काका छापखान्यात चालत जायला लागले, बसने पोट सुटतं म्हणाले (काडीसारखा माणूस, कसलं पोट!). संध्याकाळी घराला कुलूप लावून आपण तिघंही वाचनालयात जाऊन बसायचो, ते बंद होईपर्यंत. काका पेपर वाचायचे, तू विणकामाची मासिकं, मी अभ्यास. आणि दिव्याखाली तुमच्या दोघांच्या सावल्या माझ्या वहीवर पडायच्या. मला वाटायचं, काय वाचनाची आवड आहे यांना! माझ्या शर्टांच्या कॉलरी तू उसवून उलट्या लावल्यास आणि सांगितलंस की आतल्या बाजूचं कापड जास्त चांगलं असतं, दुकानदार ते लपवून ठेवतात. हे मी लग्नाच्या कपड्यांच्या वेळी एका दुकानदाराला ठणकावून सांगितलं. तो बिचारा अजून विचार करत असेल.

छापखान्यातही त्या वर्षी पगार कापले होते, हो ना गं? माझी फी वेळेवर जात होती, ताट भरलेलं होतं, सुट्टीत घरी जा असं तू एकदाही सुचवलं नाहीस. आणि मी खुळा त्या वर्षाला माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चैनीचं वर्ष समजत आलो. ओट्यापाशी उभा राहून मी हे सगळं हिला सांगितलं. लेक दाराच्या चौकटीत उभी राहून ऐकत होती. "बाबा, तुम्हाला कधीच कळलं नाही?" म्हणाली. मी म्हटलं, आत्ता कळलं. काका असते तर बसने जाऊन त्यांना विचारलं असतं. पण आत्या, अजूनही ते वर्ष मला चैनीचंच वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

बाकी विशेष काही नाही. उत्तराची घाई नाही, आमच्या विभागात तर वर्ष-वर्ष लागतं. जिन्यात थांबत जा.

तुझा
ढब्बू

ता. क. एक सांगायचं राहिलं. लेकीला तुझ्या गावच्या कॉलेजात जागा मिळाली आहे. वसतिगृहही चांगलं आहे म्हणतात, फक्त ते आहे फार मोठ्या लोकांचं. तुझी ती मागची खोली, खिडकीतून गच्ची दिसते ती, अजून तशीच आहे का? सहज विचारलं. मला आपली त्या खिडकीची आठवण आली.

ता. क. दुसरा. जमत नसेल तर मोकळेपणाने नाही म्हण. 'आपल्या विनंतीचा विचार करता येत नाही, क्षमस्व' एवढं लिहिलंस तरी पुरे. जन्मभर मी ते लोकांना पाठवत आलो, एकदा मलाही येऊ दे. पोरगी जेवते कमी. बोलते त्याचं मात्र काही करता येणार नाही.

ता. क. तिसरा. आत्याआजी, हे अक्षर माझं आहे, तुझ्या नातीचं. बाबांनी पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, डिंक अजून ओला होता. आपलं फोनवर सगळं ठरलंय आणि तू खोलीला रंगसुद्धा लावून घेतलास, हे मी त्यांना सांगितलेलं नाही, आईनेही नाही. आठवडाभर रोज संध्याकाळी ते हे पत्र लिहीत होते. मध्येच एकटेच हसायचे, एकदा चष्मा काढून बसले होते. पगार कमी झाल्यापासून इतकं खुशीत आम्ही त्यांना पाहिलं नव्हतं. म्हणून लगेच हो कळवू नकोस. आधी त्यांना काकाआजोबांबद्दल एक लांबलचक पत्र लिही, आणि माझं अगदी शेवटी, जागा उरली तर.